उणे तीसमधला नाताळ: विनिपेगला निघालेल्या मावसभावासाठी

मावसभावाला मिशनचा कॉल आला, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचारासाठी बाहेरगावी जायचं बोलावणं. कॉल म्हणजे फोन नव्हे, पत्र. कुणी कुठे जायचं ते अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयात ठरतं, मागून मिळत नाही. अशोक चौकातल्या मावशीच्या घरी आम्ही सगळे एका मोबाईलभोवती दाटीवाटीने बसलो होतो. त्याने ‘कॅनडा विनिपेग’ वाचलं आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली, कारण दोन वर्षं मी तिथेच काढून आलोय. मावशीचं पहिलं वाक्य: "बरं झालं की. तुझा कोट असंल तिथं."

तेव्हापासून हा पोरगा रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक प्रश्न टाकतोय. "दादा, स्वेटर किती घेऊ?" "दादा, चहा खरंच नाही का बे?" तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन माझं डोकं फिरलं. एकदाच सगळं लिहितो. शिकायला म्हणून तिकडे जाणाऱ्या सोलापूरच्या पोरांनाही यातलं निम्मं लागू पडेल. त्यांनी चहाचा भाग सोडून द्यावा, त्यांना तो पिता येतो.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं. 2018 मध्ये चर्चनेच सांगितलं की टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव संपेपर्यंत सोलापुरात समोरचा पुढच्या चौकात पोचलेला असतो, ती गोष्ट वेगळी. आईचं माहेर हैदराबादचं, तिथले मामा आधी या चर्चमध्ये गेले, मग आई आणि मावशी, मग आम्ही पोरं. भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून एक जिल्हा म्हणा, 2012 मध्ये हैदराबादलाच झाला. वडील आजही सिद्धेश्वराचे आहेत आणि घर एकच आहे. मुलगे अठराव्या वर्षापासून 24 महिन्यांसाठी मिशनवर जातात, मुली 18 महिन्यांसाठी. पगार किती, हे गल्लीत प्रत्येकाने विचारलं. पगार नसतो, उलट आपण पैसे भरायचे.

आता तुझ्याकडे वळतो.

खरा शत्रू घाम

थंडी म्हणजे काय हे आपल्याला माहीत नसतं, पण तिची भीती भरपूर असते. पारा 14 वर आला की आपल्याकडे शेकोट्या पेटतात आणि लोक मफलर गुंडाळून दूध आणायला निघतात. विनिपेगला डिसेंबरात रात्रीचा पारा सरासरी उणे 18 च्या आसपास असतो आणि मधेच काही दिवस उणे 30 च्या खाली जाऊन बसतो. हे आकडे ऐकून आई-मावश्या बॅगेत स्वेटर कोंबतात. मी चार नेले होते. वापरला एक.

झालं असं. पहिल्या डिसेंबरात एका सकाळी मी दोन थर्मल, शर्ट, आईचा स्वेटर, सुटाचा कोट आणि वर मोठा कोट असं सगळं चढवून बाहेर पडलो. बस सुटायला आलेली, म्हणून शेवटचे दोनशे मीटर आम्ही पळालो. बस गेलीच. पुढची वीस मिनिटांनी. माझ्या पाठीवरून घामाची धार वाहत होती, मे महिन्यात कन्ना चौकात उभं राहिल्यासारखी. पाच मिनिटांत तो घाम गार पडला आणि मी असा कापायला लागलो की दातांचा आवाज माझ्या कंपॅनियनला ऐकू जात होता. कंपॅनियन म्हणजे जोडीदार. मिशनवर एकट्याने कुठेच फिरायचं नसतं, दोघं कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. हा आयडाहोच्या शेतकऱ्याचा पोरगा होता आणि त्याच्या अंगावर माझ्या निम्मे कपडे होते. तो म्हणाला, घरातून पाऊल टाकताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर एक कपडा जास्त झालाय असं समज.

हे पाठ कर. अंगालगत पातळ थर्मल, लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. त्यावर शर्ट-टाय. (पांढराच शर्ट हवा असं आता नाही, 2020 पासून निळाही चालतो.) त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारा, मांड्या झाकणारा कोट. सुती बनियन नाही म्हणजे नाही. आजोबांचं आयुष्य मागावर गेलं, त्यांच्या नातवाने सुताविरुद्ध बोलू नये. पण सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. आपला टॉवेल याच गुणावर विकला जातो. ओला टॉवेल अंगाला गुंडाळून तू उणे 30 मध्ये फिरशील का? बसमध्ये चढलास की कोटाची चेन उघड. दुकानात शिरलास की टोपी, हातमोजे काढ. बाहेर पडताना परत सगळं चढव. दिवसातून तीस-चाळीस वेळा ही कवायत होते. वैताग येतो. तरी करायची.

मोठा कोट इथे विकत घेऊ नकोस. सोलापुरात ज्याला जॅकेट म्हणतात ते तिथे ऑक्टोबरात घालतात. घरी परतणारे एल्डर, म्हणजे आपल्यासारखे मिशनरी पोरगे, आपले कोट मागे ठेवून जातात, त्यातला मापाचा मिळतो. नाही मिळाला तर जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला मिळतो. कोट बघताना चेन आधी बघ. जाड मोज्यांच्या हाताने ओढून ओढून माझ्या कोटाच्या चेनचं पातं पहिल्याच महिन्यात तुटलं. मग आईने दिलेल्या चादरीची एक दशी तोडली, लाल रंगाची, दुहेरी पिळून गाठ मारली आणि चेनला बांधली. मिटनमधून नीट पकडता येते. दोन हिवाळे टिकली.

मिटन म्हणजे बोटं एकत्र राहतात तो मोजा. पाच बोटांचा हातमोजा दिसायला बरा, पण सुटी पडली की बोटं लवकर गारठतात. आत पातळ हातमोजा, वर मिटन, म्हणजे किल्ली फिरवायला मिटन काढलं तरी उघडी कातडी लोखंडाला लागत नाही.

थर्टी म्हणजे किती

अमेरिकन कंपॅनियन मिळाला तर त्याचा फोन बहुतेक फॅरेनहाइटमध्ये असतो. नोव्हेंबरात एके दिवशी आमचा पठ्ठ्या खिडकीपाशी उभा राहून खुशीत म्हणाला, "आज थर्टी आहे." मला वाटलं, चला, दिवाळीनंतरचं सोलापूर. नुसत्या स्वेटरवर खाली उतरलो. थर्टी फॅरेनहाइट म्हणजे उणे 1. दोन्ही मापं उणे 40 वर एक होतात, तिथे मात्र भांडण नाही.

नुसता पारा बघून बाहेर पडायचं नाही. विंडचिल बघायचं, म्हणजे वाऱ्यासकट कातडीला किती गार लागेल तो आकडा. तो उणे 28 च्या खाली गेला की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40 च्या खाली 5 ते 10 मिनिटांत. तिकडच्या बातम्यांत हे आकडे रोज सांगतात, आपल्याकडे उजनीची टक्केवारी सांगतात तसे.

माझा डावा कान असाच गेला होता. गेला म्हणजे वाचला, पण तास-दोन तास माझा नव्हता. टोपी वर सरकली होती, मला कळलंच नाही, कारण गोठायला लागलेली कातडी दुखायची थांबते. कंपॅनियनने बघितलं, पाळी पांढरी मेणासारखी झाली होती. त्याने मला जवळच्या दुकानात ओढलं आणि स्वतःचा उघडा तळवा नुसता कानावर धरून उभा राहिला. मी चोळायला गेलो तर हातावर चापट मारली. चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, हीटरला चिकटायचं नाही, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. हाताची ऊब किंवा कोमट पाणी, आणि परत गोठणार नाही अशा जागी गेल्यावरच. कातडी कडक झाली, रंग परतला नाही किंवा फोड आले तर सरळ डॉक्टर. त्या दिवसापासून आम्ही दर दहा मिनिटांनी एकमेकांची तोंडं बघायचो. रस्त्यातून जाणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे.

मग आईने माकडटोपी पाठवली. इथे ज्या टोपीला आपण हसतो, ती विनिपेगला घालून मी दरवाजा वाजवला तेव्हा एका आजोबांनी कुठे मिळते म्हणून विचारलं. एक नेच. रंग जरा गंभीर बघ, छातीवर काळी पाटी असते आणि तिच्यावर ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा असं लिहिलेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी ते आधीच थोडं हास्यास्पद दिसतं.

पायांचं थोडक्यात. इथले काळे कातडी बूट तिथल्या थंडीत कडक होतात आणि बर्फावर साबणासारखे सटकतात. बर्फाचे बूट तिथेच घे, एक नंबर मोठे, आत एक जाड लोकरी मोजा. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलास तर रक्त पोचत नाही, पाय जास्त गारठतात. काळे बूट पिशवीत ठेवायचे, चर्चमध्ये पोचलं की बदलायचे. लोकांच्या घरी बूट दारातच काढतात, अगदी आपल्यासारखं, म्हणून मोज्याला भोक नको. चालताना बदकासारखं, छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. आणि नद्या गोठलेल्या दिसल्या म्हणून वर पाय ठेवायचा नाही. शहराच्या मधोमध रेड आणि असिनिबोइन या दोन नद्या मिळतात, तिथे बर्फाची जाडी तपासून वाट खुली करतात आणि लोक स्केटिंग करतात. ती वाट खुली होईपर्यंत नदीकडे बघायचं फक्त.

घरात उन्हाळा असतो

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर उणे 30, आत 21, आणि आतली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, सकाळी नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. व्हॅसलीनची डबी खिशात ठेव. खोबरेल तेल न्यायचं तर रुंद तोंडाच्या डब्यात ने. मी निमुळत्या तोंडाची बाटली नेली होती. 24 अंशांखाली खोबरेल थिजतं हे शाळेत शिकलो होतो, पण सोलापुरात कधी गरज पडली नव्हती. ती बाटली मी सहा महिने रोज सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करत होतो.

चादर? ने. एकच. खोल्या गरम असल्यामुळे अंगावर जाड रजई नकोशी होते, तिथे आपली चादर बरोबर बसते. आमच्या फ्लॅटची एक खिडकी मात्र जुनी होती, कडेने गार वारा यायचा, आतल्या काचेवर बर्फाची नक्षी धरायची. आम्ही माझी चादर, मोरांची, पडदा म्हणून लावली. वारा थांबला. सकाळी उठून बघतो तर खालची किनार खिडकीच्या चौकटीला चिकटलेली, काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्यात मुरून गोठलं होतं. ओढू नकोस, दशा तुटतात. हेअर ड्रायर लावायचा. आयडाहोवाल्याने त्याचे फोटो काढून घरी पाठवले. त्याच्या आईने उलट विचारलं की मोर थंडीत मेला का.

तिथल्या गाड्यांच्या पुढून एक वायर लोंबत असते. मला वाटलं गाड्या विजेवर चालतात. ते इंजिन गरम ठेवायचं हीटर असतं. रात्री गाडीला प्लग लावून झोपायचं, नाहीतर सकाळी ती उठत नाही. आपण एप्रिलात रेडिएटरवर पाणी ओततो, हे लोक डिसेंबरात गाडीला शेक देतात. मिशनची गाडी तुमच्याकडे असेल तर रात्री प्लग लावायचं काम तू आपल्याकडे घे. कंपॅनियन विसरला की सकाळी भांडण होतं आणि भांडणानंतर दोघांनी एकत्र अभ्यासाला बसायचं असतं.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. बाहेरच्या खिशात ठेवलास तर बॅटरी साठ टक्के दाखवत दाखवत बंद पडते.

चहा

हं. नाही.

1833 सालापासूनचा नियम आहे, वर्ड ऑफ विज्डम म्हणतात. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. तुला माहीतच आहे, तू इथेही पीत नाहीस, पण इथे न पिणं वेगळं. उणे 25 मध्ये तास-दीड तास फिरून एखाद्या घरात शिरतोस, समोर वाफाळता कप येतो आणि नाक तुझ्याशी बेइमानी करतं. सोलापुरात चहाला नाही म्हटलं की माणूस दुखावतो, "अर्धा तरी घ्या" सुरू होतं. तिथे नाही म्हटलं की लोक खांदे उडवतात आणि गरम पाणी देतात. पहिल्यांदा मलाच थोडं दुखावल्यासारखं झालं. कुणी आग्रहच करत नाही!

चर्चमधली मंडळी हॉट चॉकलेट पाजतात. आठ दिवस बरं वाटतं. मग घरून हुलग्याचं पीठ मागव. माडगं करायला पाच मिनिटं लागतात. पीठ आधी गार पाण्यात कालवून घे, मग उकळत्या पाण्यात सोड, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, जमलं तर ताक. आमच्या फ्लॅटमध्ये चार एल्डर होतो. पहिल्या दिवशी तिघांनी खिडकी उघडली, उणे 20 असताना. जानेवारीत तेच तिघं पातेलं खरवडत होते.

कडक भाकरी ने, जास्त ने. हलकी, कोरडी, महिनोन्‌महिने टिकते, विमानात थोडी मोडते पण आपण ती चुरूनच खातो.

शेंगाचटणीचं नीट ऐक. सोलापूरचा माणूस शेंगाचटणी घेतल्याशिवाय गाव सोडत नाही, मीही एक किलो नेली. पहिल्या महिन्यात एका कुटुंबाने जेवायला बोलावलं, मी कौतुकाने डबी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडणार एवढ्यात त्या बाईंनी डबी हातातून जवळजवळ हिसकावली. त्यांच्या सहा वर्षांच्या पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. नुसता हात लागून तोंडाला गेला असता तरी घसा सुजून श्वास अडकू शकला असता. माझे हात दोनदा धुवून घेतले, डबी बाहेर बर्फात ठेवली. मला इतकं कानकोंडं झालं की जेवण उतरेना. आपल्याकडे शेंगदाण्याने कुणी मरतं हे मी ऐकलंच नव्हतं. तिथे अशी पोरं बरीच असतात, अनेक शाळांत डब्यात शेंगदाणा चालत नाही. चटणी फ्लॅटमध्येच खा, कंपॅनियनला आधी विचार, आणि कुणाकडे जायच्या दिवशी खाऊच नकोस.

साडेचारची रात्र

मिशनरीचा दिवस साडेसहाला सुरू होतो, साडेदहाला दिवे बंद. मधे व्यायाम, एकट्याचा अभ्यास, दोघांचा अभ्यास, मग बाहेर. डिसेंबराच्या शेवटी विनिपेगला सूर्य साधारण सव्वाआठ-साडेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे तू उठल्यावर जवळजवळ दोन तास रात्रच असते. दुपारच्या जेवणानंतर जरा टेकलास की परत रात्र.

थंडीपेक्षा मला हे जड गेलं. पाच वाजता अंगणात दिवे लागलेली घरं, आत माणसं, आणि आपण बाहेर अनोळखी दारासमोर. सोलापुरात पाच वाजता क्रिकेट सुरू होतं. यावर मला सापडलेला एकच उपाय सांगतो. साडेचारला कुणाच्या तरी घरी पोचायचंच असं आधी ठरवून ठेव. भेट, शिकवणं, मदत, काहीही. त्या वेळी फ्लॅटमध्ये असायचं नाही. आणि दुपारी बारा ते एक उन्हात चाल. सगळ्यात कडक थंडीचे दिवस बहुतेक वेळा स्वच्छ उन्हाचे असतात, बर्फावरून ऊन असं उसळतं की डोळे मिटावे लागतात. रडू येतं, येऊ दे. पण बाहेर नको, पापण्या चिकटतात. खरंच चिकटतात.

फावडं मार. बर्फ पडला की शेजारची म्हातारी माणसं अडकतात, आणि दाराशी येऊन धर्माबद्दल बोलणाऱ्यापेक्षा फावडं घेऊन आलेला पोरगा कुणालाही आवडतो. उचलून टाकू नकोस, ढकलत ने. उचलावाच लागला तर गुडघे वाकवून, थोडा थोडा. आणि इथेही तेच, काम सुरू करायच्या आधी एक कपडा उतरव.

नाताळ आणि आकाशकंदील

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. नेमक्या डिसेंबराच्या मध्यात झाल्या तर नाताळ अनोळखी गावात, नव्या कंपॅनियनबरोबर काढावा लागतो. माझी पहिल्या वर्षी बदली झाली नाही, नशीब. दुसऱ्या वर्षी झाली, नऊ दिवस आधी. त्याची तयारी म्हणून बॅग कधीच पूर्ण उघडू नकोस असं काही जण सांगतात. मी म्हणेन, पूर्ण उघड. चादर लाव.

2016 पासून चर्चची डिसेंबरात ‘लाइट द वर्ल्ड’ नावाची मोहीम असते, रोज कुणासाठी काहीतरी करायचं. आम्ही वृद्धाश्रमात कॅरल गायला जायचो. माझा आवाज तुला माहीत आहे. म्हणून मी दुसरं काम शोधलं, आणि ते सापडलं एका फिलिपिनो कुटुंबात.

विनिपेगमध्ये फिलिपिनो लोक खूप आहेत आणि त्यांचा नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो. त्यांच्या घरी खिडकीत मोठी कागदी चांदणी टांगलेली असते, आत दिवा, खाली दोन झिरमिळ्या. तिला ते पारोल म्हणतात. मी दारातच थांबलो. हा तर आपला आकाशकंदील! त्या घरातल्या आजीची चांदणी एका बाजूने फाटली होती. मी विचारलं, दुरुस्त करू? माझ्याकडे बघून हसल्या. मी मैदा मागितला, पाण्यात उकळून खळ केली, भेटवस्तूंचा पातळ कागद घेतला आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. कागद काडीवर दुमडताना आजोळी शिकलेलं सगळं हाताला आठवलं: खळ काडीला लावायची, कागदाला नाही, बोटाने नाही तर नखाच्या पाठीने ओढायची, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आजी शेजारी येऊन बसल्या. त्या तागालोगमध्ये काहीतरी सांगत होत्या, मी मराठीत हो हो करत होतो. त्या दिवशी मला इंग्रजीत भाषांतर करायचा कंटाळा आला होता.

म्हणून पतंगी कागदाचे वीस-पंचवीस ताव घेऊन जा. वजन काही नाही, बॅगेच्या तळाशी सपाट राहतात. बांबूच्या कामट्या न्यायच्या नाहीत, तिथे कबाबच्या लाकडी काड्या मिळतात. पाच काड्यांची एक चांदणी, अशा दोन, टोकं दोऱ्याने बांधायची, मधे पाच छोट्या काड्या आडव्या खोचून पोट फुगवायचं. आत बॅटरीवरचा छोटा एलईडी, मेणबत्ती नाही, लाकडी घरं आहेत तिथली. आणि बाहेर टांगू नकोस. मी पहिला कंदील हौसेने पायरीवर टांगला, वाऱ्याने तासाभरात त्याच्या चिंध्या केल्या. खिडकीच्या आतून लाव. वृद्धाश्रमात आम्ही असे अकरा केले. एका आजोबांनी त्यांचा मार्चपर्यंत काढू दिला नाही.

24 ला रात्री फिलिपिनो घरांत मध्यरात्रीचं मोठं जेवण असतं, पण आपल्याला त्याआधीच फ्लॅटवर परतायचं असतं. आजींनी आमचं ताट आठ वाजताच वाढलं, वर डबाही दिला. 25 ला सकाळी चौघांनी पाकिटं उघडली. मला आईकडून सोलापुरी टॉवेल आले होते, सहा. वृद्धाश्रमातल्या कुणाला तरी, आजीला, कंपॅनियनला असे वाटले. तुझ्यासोबतही मावशी टॉवेल देईलच, नको म्हणू नकोस, भेट द्यायला त्याच्यासारखं काही नाही.

मावशी, हे तुझ्यासाठी

पूर्वी मिशनरीला घरी वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळाला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला करता येतो, सुट्टीच्या दिवशी, बहुतेक सोमवारी. हिवाळ्यात विनिपेग आपल्या साडेअकरा तास मागे. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे तुझे रात्रीचे साडेआठ. रविवारी रात्री वाट बघत बसू नकोस, माझी आई दोन आठवडे बसली होती.

फोनवर पहिलं वाक्य "वाळलास रे" हे नको. दुसरं "कधी येणार" हेही नको. गल्लीतल्या बातम्या सांग. कुणाच्या मागाची मोटर जळली, कुणाचं लग्न मोडलं, पाणी किती दिवसांनी आलं. मला सगळ्यात बरं वाटलं होतं ते एका जानेवारीत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत वडिलांनी काही न बोलता नुसता मोबाईल उंच धरला आणि नंदीध्वज पुढे सरकताना दाखवले. विनिपेगला तेव्हा पहाट होती. रीतसर बघितलं तर तो फोन सोमवारचा नव्हता, त्याचं काय ते मी नंतर कबूल केलं.

पार्सल नोव्हेंबराच्या पहिल्या आठवड्यात टाक, नाताळाला पोचायचं तर. आत काय आहे ते प्रत्येक पुडीवर इंग्रजीत स्पष्ट लिही. पेढे, खवा, तूप असं दुधाचं काही घालू नकोस, कस्टममध्ये अडकायला नको. पीठ, भाकरी, मसाला, कागद. पत्ता मिशन ऑफिसचा घाल, फ्लॅटचा नको, सहा आठवड्यांनी तो तिथे असेलच असं नाही. आणि स्वेटर एक.

कोटाचं राहिलं. तू म्हणालीस तसा तो तिथेच आहे, निघताना मी फ्लॅटच्या कपाटात टांगून आलो. कुणी ना कुणी घालत असेल, फिरत फिरत कुठल्याही गावात गेला असेल. पोरा, करड्या रंगाचा, गुडघ्याच्या वर संपणारा आणि चेनला लाल दशी बांधलेला कोट कुठे दिसला तर तो माझा. डाव्या खिशाला आतून भोक आहे. किल्ली उजव्यात ठेव.